नव्या बोर्डाच्या तक्रारी वाचणाऱ्या ताईंना

ताई,
सा. न. वि. वि.

नाव कुठे छापायचं नाही, ही तुमची पहिली अट. मानधनाचा विषय काढायचा नाही, ही दुसरी. दोन्ही मुकाट्याने पाळल्या. पण जाहीर आभार मानायचे नाहीत असं काही तुम्ही बोलला नव्हता, ती पळवाट आज वापरतो आहे. शिवाय दोन-तीन माणसांच्या जिवावर चालणारे आमच्यासारखे इलेक्ट्रॉनिक्सचे उद्योग पुष्कळ आहेत. नवं मॉडेल आलं की जुने ग्राहक कसे अंगावर येतात हे त्यांनाही ठाऊक असेल. तुम्ही आमच्याकडे जे केलंत त्याचा त्यांना उपयोग झाला तर तुमची हरकत नसावी.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडी माहिती. आम्ही तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे छोटे लॉगर बनवतो. बियाण्यांचे साठे, प्रयोगशाळा, औषधांची गोदामं, जुन्या दस्तऐवजांच्या खोल्या अशा ठिकाणी ते भिंतीवर टांगलेले असतात आणि ठरावीक वेळाने आकडा लिहून ठेवतात. 2021 च्या चिप-टंचाईत आमच्या बोर्डावरचा, म्हणजे लॉगरमधल्या सर्किटच्या पाटीवरचा, मायक्रोकंट्रोलर (सगळं चालवणारी चिप) मिळेनासा झाला. पुरवठादार पुढच्या वर्षाच्या गोष्टी करू लागले. नवा बोर्ड काढणं भागच होतं. काढायचाच आहे तर हात धुऊन घेऊ म्हणून आम्ही वीजपुरवठ्याचा भाग बदलला आणि सेन्सरही नव्या पिढीचा घातला.

बोर्ड बाजारात गेला आणि मेल यायला लागले. जुन्या लॉगरशेजारी नवा लावला तर आकडे जुळत नाहीत, सबब नवा खराब आहे. आमचा संशय सरळ नव्या सेन्सरवर. लोकांना उत्तर जायचं की सेन्सर कंपनीने दिलेल्या अचूकतेच्या मर्यादेत आहे. उत्तर खरं होतं आणि वाचणाऱ्याच्या काही कामाचं नव्हतं.

ओळखीच्या ओळखीतून तुम्ही आलात ते याच सुमाराला. मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस विभागात तुमचं उभं आयुष्य गेलेलं. आम्ही तक्रारींचा छान तक्ता करून ठेवला होता, प्रत्येकीपुढे एका शब्दात प्रकार लिहिलेला: ‘तापमान’, ‘आर्द्रता’, ‘बॅटरी’, ‘किरकोळ’. तो तुम्ही बाजूला सारलात आणि मूळ मेल मागितलेत, शिव्यांसकट. मग कागदावर चार रकाने आखलेत. तापमान जुन्यापेक्षा कमी दिसतं की जास्त? आर्द्रता कमी की जास्त? किती फरक? आणि चौथा रकाना, लॉगर कशावर चालतो, अ‍ॅडॉप्टरवर की सेलवर?

हा चौथा प्रश्न आम्ही कधी कुणाला विचारलाच नव्हता. तुम्ही एकेकाला फोन करून विचारलात. मी शेजारी बसून ऐकत होतो. समोरचा माणूस तावातावाने बोलत असायचा, तुम्ही मध्ये न तोडता त्याचं पूर्ण होऊ द्यायचात आणि मग म्हणायचात, “बरं, आणि वायर लावलेली आहे की सेल?” एवढ्यावर निम्म्या लोकांचा आवाज खाली यायचा. आपल्या यंत्राबद्दल कुणीतरी नेमकं काही विचारतंय, याचा तो परिणाम असावा असा माझा अंदाज आहे. तुम्ही म्हणालात, तसं काही नाही, माणूस बोलून दमतो. असेलही.

रकाने भरले आणि चित्र उघड झालं. ज्याला तापमान सुमारे एक अंशाने कमी दिसत होतं, त्यालाच आर्द्रता तीनेक टक्क्यांनी जास्त दिसत होती. आणि हे सगळे अ‍ॅडॉप्टरवाले. सेलवाल्यांची तक्रारच नव्हती. सेन्सर बिघडला तर तो असा बेतशीर बिघडत नाही, हे तुमचं म्हणणं. हवेत पाण्याची वाफ तेवढीच राहिली आणि तापमान एक अंशाने वाढलं, तर सापेक्ष आर्द्रता मूळ आकड्याच्या सुमारे सहा टक्क्यांनी घटते. म्हणजे 50 टक्के असेल तिथे 47. आपल्या लोकांना दिसत होतं ते नेमकं याचंच उलटं. याचा अर्थ एकच, दोन्ही लॉगर एकच हवा मोजत होते आणि त्यातला एक किंचित गरम होता.

गरम होता तो जुना! त्यात 12 व्होल्टचे 3.3 व्होल्ट करायला लिनियर रेग्युलेटर होता, आणि हा भाग उरलेला विद्युतदाब उष्णतेच्या रूपाने उधळून टाकतो. अ‍ॅडॉप्टरवर असताना डिस्प्ले आणि वायफाय सतत चालू, बोर्ड 50 मिलिअँपिअर खाणार. 8.7 गुणिले 0.05, म्हणजे 0.4 वॉटहून थोडं जास्त. ऐकायला काहीच नाही, पण काडेपेटीएवढ्या बंद डबीत सेन्सरला अंशभर ऊब द्यायला तेवढं पुरतं. नव्या बोर्डात स्विचिंग रेग्युलेटर आहे, तो फारसा तापत नाही. लोक ज्याला बिघाड म्हणत होते ती खरी सुधारणा होती.

आम्ही लगेच हेच स्पष्टीकरण सगळ्यांना पाठवायला निघालो होतो. तुम्ही थांबवलंत. विकणाऱ्याने ‘तुमचा जुना चुकत होता, नवा बरोबर आहे’ असं लिहिलं तर कोण विश्वास ठेवणार? त्यांनाच मोजू द्या, म्हणालात, आणि मिठाची चाचणी लिहून दिलीत. झाकणाच्या घट्ट डब्यात तळाला साधं मीठ, त्यात जेमतेम ओलं होईल एवढंच पाणी. मीठ विरघळून संपता कामा नये, ओल्या वाळूसारखं राहिलं पाहिजे. लॉगर मिठाला न लागेल असा वर ठेवायचा, अ‍ॅडॉप्टरची वायर झाकणाखालून काढून फट चिकटपट्टीने बंद करायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. अशा डब्यातली हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते, आणि 20 ते 30 अंशांच्या दरम्यान हा आकडा जवळपास हलत नाही, म्हणून तर मीठ. आधी एक लॉगर, मग दुसरा. दोन्ही एकदम ठेवायचे नाहीत, नाहीतर गरम असलेला दुसऱ्यालाही तापवतो.

लोकांनी केलं. जुना 71 च्या आसपास, नवा 75 ला टेकलेला, असे फोटो येऊ लागले. काहींनी तर आम्हालाच समजावून सांगितलं की जुना का चुकत होता.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण दस्तऐवजांच्या खोल्या सांभाळणाऱ्या एका बाईंचं उत्तर आलं: चाचणी केली, नवा बरोबर आहे हे मान्य, तरीही जुनाच परत द्या. मी ते ‘हट्टी’ या सदरात टाकणार होतो. (असं सदर आमच्याकडे होतं. तुम्ही ते खोडलंत.) तुम्ही त्यांच्याशी बराच वेळ बोललात. त्यांच्याकडे त्या खोलीची कित्येक वर्षांची सलग नोंद होती. नवा लॉगर लावला त्या दिवशी आलेखात पायरी पडली. पुढे कुणी ती नोंद उघडली तर त्याला वाटेल की त्या दिवसापासून खोलीत दमटपणा वाढला आणि कुणी लक्ष दिलं नाही. म्हणजे त्यांना बरोबर आकडा मिळाला होता आणि त्याच आकड्याने त्यांच्या कामाचं नुकसान होत होतं. ही तक्रार आमच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती, आणि मला विचाराल तर सगळ्यांत खरी तक्रार हीच होती.

त्यातून जे निघालं ते आज आम्ही प्रत्येक बदलासोबत देतो. जुना आणि नवा लॉगर काही दिवस शेजारी चालवून दोघांतला फरक काढायची पद्धत, फर्मवेअरमध्ये (लॉगरच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) तो फरक टिपून ठेवायची जागा, आणि नोंदीच्या फाइलमध्येच ‘या तारखेपासून बोर्ड बदलला’ अशी ओळ. जुने आकडे आम्ही दुरुस्त करत नाही. त्यांना हात लावायचा नाही, यावर तुम्ही अडून बसलात ते बरं केलंत.

दुसरा ढीग वेगळ्याच तक्रारींचा होता: “मी मागच्याच महिन्यात जुना घेतला, तेव्हा का नाही सांगितलं?” इथे आपलं वाजलं. मी ऑस्बर्न या अमेरिकी कॉम्प्युटर कंपनीचं उदाहरण काढलं. नव्या कॉम्प्युटरचा गाजावाजा आधीच झाला, जुन्याची विक्री बसली आणि 1983 च्या सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुम्ही म्हणालात की ती बुडायला इतरही कारणं सांगितली जातात, आणि उलट इंटेलच्या पेंटियम चिपची गोष्ट ऐकवलीत. 1994 साली त्या चिपमधली भागाकाराची चूक उघड झाली. इंटेलचा पवित्रा आधी असा की तुम्हाला त्या अचूकतेची खरोखर गरज आहे हे दाखवा, मग बदलून देऊ. डिसेंबर संपण्याआधीच मागेल त्याला देण्याची वेळ आली आणि 47.5 कोटी डॉलरचा भार हिशेबात धरावा लागला. पुरावा मागितलात की माणूस आकड्यावरून उठतो आणि अपमानावर बसतो, हे तुमचे शब्द.

वर एक टोला. चिप कंपन्या भाग बदलण्याआधी निदान 90 दिवस कळवतात, जेडेक या चिप उद्योगाच्या मानकसंस्थेचं तसं मानकच आहे. ती नोटीस तुम्हाला मिळते, मग तुमच्या ग्राहकाला का नाही? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आमची नोटीस 90 दिवस आधी जाते, आणि त्या 90 दिवसांत जुना घेणाऱ्याला नवा बोर्ड बिनपैशात बदलून मिळतो. पावती पुरते, कारण विचारत नाही. बोर्डावर रिव्हिजन (आवृत्ती) नंबरही आता डबी न उघडता दिसेल असा छापतो. इतकी साधी गोष्ट आहे, पण त्याने फोनवरचा केवढा तरी वेळ वाचतो.

सगळ्यांनाच फुकट बदलून द्या, हा तुमचा आग्रह मात्र मी मानला नाही आणि आजही मानत नाही. छोट्या उद्योगाला ते झेपत नाही. 90 दिवसांच्या आधी घेतलेल्यांना सुट्या भागांच्या खर्चात बोर्ड देतो. त्यावर नाराज असलेले आहेत. एक गृहस्थ दर नव्या फर्मवेअरला न चुकता लिहितात की आम्ही त्यांना फसवलं. त्यांना तुमच्याच पद्धतीने उत्तर देतो. समाधान झालेलं नाही, होईल असंही वाटत नाही. तुम्ही म्हणाला होता की अशा माणसाला उत्तर द्यायचं, जिंकायचं नाही. तेवढं जमतंय.

तुमच्या हातचा तो चार रकान्यांचा कागद आता आमचा तक्रारीचा फॉर्म झाला आहे. ‘प्रकार’ हा शब्द त्यात कुठेच नाही. तक्रार करणाऱ्याच्या शब्दांसाठी मोठी मोकळी जागा ठेवली आहे आणि ती वाचल्याशिवाय कुणी उत्तर लिहायचं नाही, असा नियम आहे. नवीन आलेल्या मुलीला हा नियम जाचक वाटतो. तिला तुमच्याकडे पाठवू का, एक दुपार?

पुढच्या रिव्हिजनच्या नोटिशीचा मसुदा वेगळा पाठवला आहे. यंदा कनेक्टर बदलतोय, म्हणजे जुन्या प्रोबला (वायरने जोडायच्या बाहेरच्या सेन्सरला) मधली जोडणी लागणार आणि त्यावरून आरडाओरडा होणार हे धरूनच चाललो आहे. दुसऱ्या परिच्छेदात मी ‘ग्राहकांच्या सोयीसाठी’ असं लिहिलं आहे. ते तुम्ही खोडणार, माहीत आहे. बाकीचंही खोडा. छपाईला जायला अजून अवकाश आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लॉगरवाला