स्टेशनवरच्या त्या दोन मावशींना
गुरुवारी संध्याकाळी पुणे स्टेशनबाहेर पावसात आईचा पाय घसरला. चप्पल तुटली, घोटा सुजला, आणि रिक्षावाले काही थांबेनात. मी नुसतीच गोंधळलेली. तेवढ्यात तुम्ही दोघी आलात. एकीनं बाटलीतल्या पाण्यानं आईचे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यातला चिखलही काढला, वर पदरानं पुसले! आई संकोचून पाय मागे घेत होती. "असू द्या आजी, आमच्या प्रभूनंही शिष्यांचे पाय धुतले होते." (येशूची ही गोष्ट बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात आहे, हे मी नंतर वाचलं.) दुसरीनं स्वतःची चप्पल आईला दिली आणि अनवाणीच जाऊन रिक्षा आणली. या सगळ्यात तुमची केडगावला जायची दौंड गाडी चुकली. केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव, एवढंच मला ठाऊक. नाव विचारायचं राहून गेलं. मावशी, मनापासून आभार. चप्पल धुऊन ठेवली आहे.