रात्रपाळीच्या ताईंना, जाहीर आभार

प्रिय ताई,

परवा निकाल लागला. जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा पास झाले. घरी फोन केला, आई रडली, आणि फोन ठेवल्यावर पहिल्यांदा तुम्ही आठवलात. असं चारचौघांत कौतुक तुम्हाला आवडत नाही, तरी लिहितेय. आपल्यासारख्या कितीतरी नर्स आत्ता जर्मन नामांपुढच्या याच डेर-डी-डासशी झगडतायत.

तुमच्याआधी ज्या क्लासला पैसे भरले, तिथे शब्दांची यादी पाठ करून यायची आणि आठवलं नाही की उभं राहायचं. ड्युटी करून आलेल्या, लेकुरवाळ्या बायकांना उभं करायचे! "या वयात डोक्यात शिरत नाही," हे सगळ्यांदेखत ऐकवलेलं अजून टोचतं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानेच १८८५ साली स्वतःवरचे प्रयोग छापून दाखवलं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर गळतं. जर्मन शिकवणाऱ्यांना एवढं ठाऊक असायला नको?

आणि मग ती रात्रपाळी. दोनचा राउंड आटपून तुम्ही मोबाइलवर अंकी उघडलंत, शब्दांची कार्डं दाखवून उजळणी घेणारं अ‍ॅप. कार्डावर होतं, 'बँडेज'. बी-टू कधीच पास झालेल्या तुम्ही क्षणभर थांबलात, "गेलं बघ डोक्यातून," म्हणालात. उत्तर उघडलं, डेर फेरबांट, आणि तुम्ही माझ्यादेखत शांतपणे 'अगेन' म्हणजे 'पुन्हा विचार' हे बटण दाबलंत. शेजारीच 'हार्ड' होतं. तुम्ही म्हणालात, "हार्ड म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं. विसरलं तर विसरलं म्हणायचं, नाहीतर कोणतं कार्ड कधी विचारायचं, हा अ‍ॅपचा हिशेब चुकतो."

ताई, एवढंच. पण माझ्या मनावरचं ओझं तिथेच उतरलं.

तो हिशेब मी नंतर समजून घेतला. त्याचं मूळ पोलंडच्या पिओत्र वोझ्न्याक यांनी १९८७ मध्ये बसवलेल्या पद्धतीत आहे. तिच्यात शब्द आधी १ दिवसाने, मग ६ दिवसांनी विचारतात. पुढे आठवत गेला तर अंतर साधारण अडीचपट, म्हणजे १५, मग ३८ दिवस. विसरला की पुन्हा पहिल्यापासून. अंकीमध्ये २०२३ पासून एफएसआरएस ही नवी पद्धतही आहे. ती तुमची आधीची उत्तरं बघून प्रत्येक कार्डाचा अंदाज बांधते आणि आठवण्याची शक्यता ९० टक्क्यांवर उतरेल त्या सुमाराला ते समोर आणते. म्हणजे दहातलं एखादं विसरणार, हे त्यात आधीच धरलंय! माझं 'डास फ्लास्टर' (चिकटपट्टी) आता महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही. 'डी श्प्रित्से' (इंजेक्शन) मात्र अजून दर आठवड्याला हजर. ज्याला गरज जास्त, त्याच्याकडे जास्त वेळा जायचं. वॉर्डात आपण तेच तर करतो.

ज्याला येतं त्याने आपलं न येणं लपवू नये, यापेक्षा मोठा आधार शिकणाऱ्याला काय हवा? अशी माणसं आहेत, म्हणून धीर होतो. तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, उपकाराचा सूरही कधी लावला नाहीत.

तुमचा डेक, म्हणजे कार्डांचा संच, मी नव्या बॅचच्या मुलींना दिलाय, ड्रेसिंग ट्रॉलीवरचे शब्द त्यात वाढवलेत. सुट्टीवर याल तेव्हा आमच्याकडे जेवायला यायचंच. आई वाट बघतेय.

तुमची,
वॉर्डातली धाकटी