पहिला डोस तरी आपल्या जिल्ह्यात ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हातभट्टीवर धाड पडली की पेपरात फोटो येतो, ओतून टाकलेलं रसायन, फुटके कॅन, मागे रांगेत उभे एक्साइजवाले. छापायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण त्या दारूत मिथेनॉल, म्हणजे कारखान्यात वापरतात ते विषारी अल्कोहोल, असलं आणि ती कुणाच्या पोटात गेलीच, तर आपल्या सरकारी दवाखान्यात त्यावर द्यायला काय आहे हे कोणी विचारत नाही. माझं देवगडला मेडिकल आहे, औषधांचीच उठबस, म्हणून हे लिहितोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

या विषावर उतारा आहे, फोमेपिझोल नावाचं इंजेक्शन. ॲसिडिटीच्या ओमेप्राझोलशी त्याचा काडीचा संबंध नाही हे आधीच सांगतो, कारण नाव सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, ते तर आमच्या घरात असतं. अमेरिकेत १९९७ ला इंजिन थंड ठेवायच्या कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलच्या विषबाधेसाठी त्याला मंजुरी मिळाली, २००० ला मिथेनॉलसाठीही मिळाली, आणि २०१३ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणजे प्रयोगातलं वगैरे काही नाही, जुनं झालेलं औषध आहे.

गंमत अशी की मिथेनॉल पोटात गेल्या गेल्या फार काही करत नाही, साध्या दारूसारखी थोडी झिंग येते इतकंच. घोळ पुढे होतो. आपल्या यकृतातलं एक एन्झाइम त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड करतं, त्याचं पुढे फॉर्मिक ॲसिड होतं, आणि हे ॲसिड डोळ्याच्या नसेवर जातं, रक्तात ॲसिड वाढतं, धाप लागते, समोर सगळं पांढरं धुकट दिसायला लागतं. कूलंटचं असंच शेवटी ऑक्झॅलिक ॲसिड होतं, ते कॅल्शियमला धरून बारीक स्फटिक बनतात आणि किडनीत जाऊन बसतात. फोमेपिझोल त्या एन्झाइमलाच अडवून धरतं. मग पोटात गेलेलं मिथेनॉल किंवा कूलंट न बदलता हळूहळू शरीराबाहेर जातं, नाहीतर डायलिसिसने काढता येतं. पण जे ॲसिड आधीच तयार झालंय त्याला हे इंजेक्शन काही करत नाही, त्यासाठी सोडा बायकार्ब, डायलिसिस वगैरे वेगळं करावं लागतं. म्हणून सगळा खेळ वेळेचा.

आणि नेमकी वेळच आपल्याकडे वाया जाते. मिथेनॉलचा त्रास सुरू व्हायला बरेचदा बारा ते चोवीस तास लागतात, त्यात सोबत चांगली दारूही प्यायलेली असेल तर अजून उशीर, कारण ते एन्झाइम आधी साध्या दारूच्या मागे लागतं. तोपर्यंत माणूस घरी पडलेला असतो आणि घरातले म्हणतात, निजांदे त्याका, सकाळी उतरतली. सकाळी उठतो तो दिसत नाही म्हणत उठतो. मुंबईत मालाडच्या मालवणीत (आपलं मालवण नव्हे) २०१५ ला अशाच दारूने शंभरावर माणसं गेली, २०२४ ला तमिळनाडूत कल्लाकुरिचीला साठच्या वर गेली. आपल्याकडे असं होणार नाही असं समजायला काही कारण नाही, लोटे, महाड, रोहा इथल्या एमआयडीसीत केमिकल कंपन्या आहेत, हायवेवरून केमिकलचे टँकर जातात आणि हातभट्ट्याही आहेतच.

दारूवाल्यांना काय करायचंय वाचवून, असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांना मी बंदरावर या म्हणतो. ट्रॉलरच्या इंजिनाला कूलंट लागतं, ते मोठ्या कॅनमध्ये येतं, आणि समुद्रावर जाताना त्यातलं थोडं पाण्याच्या किंवा थम्सअपच्या रिकाम्या बाटलीत काढून केबिनमध्ये ठेवतात. रंग हिरवा नाहीतर गुलाबी, चव गोडसर. सरबतासारखं दिसतं हो. बाटलीवर लेबल जुन्याचंच, आणि बरेच खलाशी नेपाळचे, कॅनवरचं वाचून त्यांना तरी काय कळणार. तीच बाटली जाळी शिवायला बसतात तिथे मांडवात येऊन पडते आणि आजूबाजूला पोरं खेळत असतात. काही कूलंट पाणी मिसळूनच येतात, त्यात विष कमी असतं हे खरं, पण लहान मुलाने दोन घोट घेतल्यावर बाटलीत कुठलं होतं हे शोधत बसणार काय?

आता माझा मुख्य मुद्दा. लोक म्हणतात हे इंजेक्शन महाग, मिळत नाही, आणि आपल्याकडे पुढचे उपचार कुठे आहेत, शेवटी गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजलाच न्यावं लागणार नाहीतर कोल्हापूरला. बरोबर आहे. पण हिशोब करून बघा. पहिला डोस वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९०० मिलिग्रॅम, आणि एका वायलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटलीत, दीड ग्रॅम असतं. एका वायलमध्ये भागतं, त्यातला वजनाप्रमाणे डोस शंभर मिली सलाईनमध्ये टाकून अर्ध्या तासात द्यायचा, आणि पुढचा डोस बारा तासांनी. म्हणजे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पहिला डोस दिला की पेशंटला बारा तास मिळाले! तेवढ्यात बांबोळी सोडा, रत्नागिरीचा पेशंट पावसात आंबा घाट बंद असला तरी वळसा घालून कोल्हापुरात पोचतो. पुढचे डोस, डायलिसिस, सगळं तिथे होऊ दे. आत्ता काय होतं, त्या ॲम्ब्युलन्समधल्या तासांत ॲसिड बनतच राहतं.

ठेवायलाही कटकट नाही. फ्रिज लागत नाही, त्यामुळे आपल्याकडे लाईट गेली म्हणून औषध खराब झालं हा प्रश्न नाही. उलट पंचवीस डिग्रीच्या खाली ते मेणासारखं घट्ट होतं, एसीच्या स्टोअरमध्ये ठेवलं तर हमखास होणार, ते बघून कोणीतरी बाद म्हणून फेकून देईल म्हणून सांगतो, वायल मुठीत धरली किंवा कोमट पाण्याच्या नळाखाली धरली की पुन्हा पातळ होतं आणि औषधाला काही झालेलं नसतं. मी होलसेलरला विचारलं होतं, त्याचं उत्तर, कोण मागतच नाही, ऑर्डर दिलीत तर बघतो. एकट्या मेडिकलवाल्याने मागवून ते कपाटात एक्सपायर होणार, म्हणून हे काम जिल्हा रुग्णालयाचं आहे. ओरोस, रत्नागिरी, अलिबाग, तीन ठिकाणी थोड्या थोड्या वायल ठेवा आणि तिघांनी एकमेकांना लागतील तशा द्या. मुदत संपायला आली की मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला देऊन नवीन घ्या.

ते येईपर्यंत दुसरा उपाय आहे, साधं इथाइल अल्कोहोल, तेही त्या एन्झाइमला गुंतवून ठेवतं आणि डॉक्टर ते मोजून शिरेतून किंवा नळीने देतात. म्हणजे विषावर दारू, हसू नका, जगभर हे करतात. पण त्यात रक्तातलं प्रमाण सारखं बघावं लागतं, पेशंट गुंगीत जातो, लहान मुलांची साखर खाली येते, म्हणून घरी कोणी क्वार्टर पाजायला जाऊ नका. ग्रामीण रुग्णालयात एवढी कृती कागदावर लिहून भिंतीवर लावली तरी रात्रीच्या ड्युटीवरच्या नवीन डॉक्टरला आधार होईल. आणि कूलंटचा संशय असेल तर लघवी साध्या मायक्रोस्कोपखाली बघता येते, ऑक्झॅलेटचे स्फटिक दिसले तर संशय पक्का धरायचा, मात्र नाही दिसले म्हणून पेशंटला घरी पाठवायचं नाही.

कोकणात हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्रॅझोसिन, म्हणजे ब्लडप्रेशरची साधी गोळी, वापरून माणसं वाचवली आणि जगाला दाखवून दिलं, तेही बिरवाडीसारख्या गावातल्या आरोग्य केंद्रातून सुरुवात करून. सापाची लसही आज तालुक्याला मिळतेच की.

तुमच्याकडे एक मागणं आहे. सिव्हिल सर्जनना विचारून तिन्ही जिल्ह्यांत आज या इंजेक्शनच्या किती वायल आहेत ते छापा, शून्य असेल तर शून्य छापा. आणि दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, फोनवर चोवीस तास सल्ला देतात, डॉक्टरांनाही आणि साध्या माणसालाही. तुमच्या पेपरात ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड, रक्तपेढीचे नंबर येतात त्याच चौकटीत त्यांचा नंबर रोज टाका, एका ओळीची तर जागा लागते.

आपला,
एक मेडिकलवाला, देवगड