बेदाणा गोदामाची तीन कोटेशनं

शारजा

ती. काका,
सा. न.

तासगावच्या गोदामाच्या लोखंडी सांगाड्याची तिन्ही कोटेशनं वाचली. तिन्ही फॅब्रिकेटरांनी (सांगाडा बनवणाऱ्यांनी) किलोचा दर दिलाय, पण त्यात नटबोल्ट, गसेट प्लेटा (सांध्यावरच्या जोडपट्ट्या), रंग, वाहतूक, उभारणी धरली आहे का, ते एकानेच लिहिलंय. बाकीच्यांकडून लिहून घ्या. वजन ड्रॉइंगवरून की काट्यावरून, हेही ठरवा. 10 मिमीची प्लेट चौरस मीटरला 78.5 किलो भरते, हिशोब कोणालाही करता येतो.

सगळ्यात स्वस्तवाला शॉप ड्रॉइंग करत नाही. मी तर तिथेच फुली मारेन. शॉप ड्रॉइंगमध्ये प्रत्येक तुकड्याचा नंबर, लांबी आणि भोकांच्या जागा असतात. ते नसलं की उभारणीच्या वेळी भोकं जुळत नाहीत आणि माणसं वर चढून गॅसने ती वाढवतात. एम 20 म्हणजे 20 मिमी जाडीच्या बोल्टला 22 मिमीचं ड्रिल केलेलं भोक हवं. गॅसच्या वेड्यावाकड्या भोकात बोल्ट धड बसत नाही.

माल आयएस 2062 चा (बांधकामाच्या पोलादाचं भारतीय मानक) आहे एवढं ऐकून थांबू नका. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलाद भट्टीच्या कुठल्या घाण्यातलं, तो नंबर) प्लेटवरच्या नंबराशी स्वतः जुळवून बघा, तोही कटिंगच्या आधी. एकदा तुकडे पडले की कुठली प्लेट कुठली, देव जाणे.

प्लेटा जोडून खांब बनवताना एकाच बाजूचं वेल्डिंग सलग मारलं तर खांब वाकतो, म्हणून बाजू आलटून-पालटून घेतात. जाड प्लेटांना 7018 चे (कमी हायड्रोजनचे) वेल्डिंग रॉड वापरणार असतील तर रॉड तापवायचा ओव्हन दाखवा म्हणावं. दमट रॉडमधून हायड्रोजन वेल्डात शिरतो आणि तडा कधी कधी दोन दिवसांनी दिसतो. तोवर वर रंग चढलेला असतो!

रंगावर कंजुषी नको. गोदामात गंधकाची धुरी देणार असाल तर लोखंड लवकर गंजतं. वायर ब्रशने मिल स्केल (नव्या प्लेटवरची काळपट खपली) निघत नाही, नंतर ती रंगासकट सुटते. एसए 2½ पर्यंत ब्लास्टिंग (जोराने कण मारून जवळजवळ स्वच्छ धातू दिसेपर्यंत सफाई) आणि त्याच दिवशी प्रायमर, असं करारातच घाला. पहाटे दव असताना रंग नको; लोखंड दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं) किमान 3 अंश गरम हवं. जाडी मायक्रॉनच्या मीटरने तुमच्यासमोर मोजायला लावा, प्रत्येक खांबावर दोन-तीन ठिकाणी. खालच्या बाजूला रंग हमखास पातळ असतो.

फाउंडेशन बोल्टचा (पायातल्या बोल्टचा) टेम्प्लेट, म्हणजे जागा दाखवणारा साचा, फॅब्रिकेटरनेच द्यायचा, काँक्रीट पडायच्या आधी. गवंड्यावर सोडू नका. ओतताना बोल्ट हलतात, म्हणून काँक्रीट ओलं असतानाच कर्ण पुन्हा मोजायला सांगा. उभारणीत पहिला गाळा ब्रेसिंगसकट (तिरप्या आधारांसकट) पक्का झाल्याशिवाय पुढची कैची चढवू देऊ नका, वाऱ्याने खांब कलतात.

तिसऱ्याचं ड्रॉइंग आलं की फोटो पाठवा. अॅडव्हान्स तोवर देऊ नका.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
बाळू