डाळीला नावं ठेवू नकोस

मनू बाळ,

काल फोनवर म्हणालीस की पप्पा तुम्ही दिलेली हरभऱ्याची डाळ खराब निघाली, सहा शिट्ट्या काढल्या तरी दाताखाली कचकच लागत होती आणि शेवटी बाहेरनं मागवलं. मी काय बोललो नाही कारण तुझी आई शेजारी बसून गालात हसायली होती. पण झोप काय लागली नाही बघ. 31 वर्षं कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात काढली, पोतं उघडलं की मूठभर डाळ तळहातावर घेऊन सांगायचो ही लातूरची, ही अकोल्याकडची, ह्यात ओल आहे, ह्याला पॉलिश मारलंय, आणि माझ्याच पोरीनं सांगावं डाळ खराब आहे म्हणून. लांबलचक मेसेज होणार आहे, ऑफिसात वाचू नको, घरी गेल्यावर वाच.

सकाळी उठल्या उठल्या पहिला तो डबा काढला, तुला दिली त्याच डब्यातली डाळ, एक वाटी घेतली, तासभर भिजवली, तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, तेलाचा थेंब आणि चार शिट्ट्या. झाकण काढून दोन बोटांत दाणा दाबला तर लोण्यासारखा. आईला दाखवला. ती म्हणाली, "मला काय दाखवालाय, तिला विचारा तिनं काय काय घातलं होतं." म्हणून परत फोन केला तेव्हा तू वैतागलीस, पण खरी गोष्ट तिथंच कळली. दुधी, डाळ, दोन टोमॅटो, चिंचेचा कोळ आणि वर गुळाचा खडा, सगळं एकदमच कुकरात, का तर रीलमधली बाई म्हणाली एकाच भांड्यात होतंय म्हणून. अगं त्या बाईची मूगडाळ असणार! हरभऱ्याची डाळ मुळात ताठ, तिच्याशी असलं चालत नाही.

डाळीच्या पेशी एकमेकीला धरून ठेवणारा पेक्टिन म्हणून पदार्थ असतो. गरम पाण्यात तो सुटत गेला की डाळ मऊ पडते. आंबट पडलं की तो सुटायचा थांबतो, मग तू दहा शिट्ट्या काढ. त्यात तुझ्याकडं टँकरचं बोअरचं पाणी, जड, त्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला अजून घट्ट करतं, गुळातही थोडं कॅल्शियम असतंच. हे शब्द मी आता मोबाईलवर वाचले, पण आमचे शेठ गिऱ्हाइकाला रोज सांगायचे, आधी डाळ शिजवा मग चिंच दाखवा. मिठाला मात्र लोकांनी उगाच बदनाम केलंय, मीठ घालून भिजवलं तर डाळ उलट लवकर मऊ पडते. प्यायच्या आरओ फिल्टरचं पाणी घे कुकरला, तेवढ्यानंच अर्धं काम होईल. सोडा घालू नको. डाळ शिजते पण वास बदलतो आणि तोंडाला साबणासारखं लागतं.

आता तू म्हणशील पप्पांना एवढं कुठनं कळायला लागलं, आयुष्यभर तर आयतं ताटावर बसायचे. खरं आहे. डाळ विकली टनानं, पण शिजवली पहिल्यांदा 58 व्या वर्षी. तू नोकरीला लागलेलं पहिलं वर्ष, तुला सुट्टी मिळाली नव्हती, आणि गौरी यायच्या चार दिवस आधी आई बाथरूममध्ये घसरली आणि उजवा हात प्लास्टरात. नैवेद्य तर चुकवायचा नाही. काकू म्हणाली मी पाठवते पोळ्या, पण आईचं तोंड एवढंसं झालं. मग मी म्हणालो तू खुर्चीवर बसून सांग, मी करतो.

अर्धा किलो डाळ टाकली पातेल्यात, कुकर नको म्हणाली, पातेल्यातच, भरपूर पाणी घालून, वर येणारा फेस काढत. छान शिजली. दाणा दाबला की चेपतोय पण पीठ झालेलं नाही, तसं पाहिजे. मी मोठी चाळण घेतली, सिंकवर धरली आणि डाळ ओतली. सगळं पाणी, ते पिवळंधमक दाटसर पाणी, गेलं खाली भसाभसा. मी आपला खुश, झाली की डाळ निथळून. मागं वळून बघतोय तर आई खुर्चीवरनं अर्धी उठलेली. "हे काय केलासा! येळवणी सांडलासा की सगळी!"

अगं मला माहीतच नव्हतं ती कुठनं येते. आयुष्यभर येळवणीची आमटी ओरपली, दोन-दोन वाट्या, भातावर वेगळी, आणि ती ह्या पाण्याची होते हे मला ठाऊक नाही! पुण्याकडं त्याला कट म्हणतात, कटाची आमटी, आपल्याकडं येळवणी. त्या दिवशी नैवेद्याला पोळी होती, भात होता, कुर्डई होती, आमटी नव्हती. आई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. शेवटी रात्री म्हणाली, उद्या परत एक वाटी डाळ शिजवा. तुझ्या आईनं प्लास्टरच्या हातानं मला परत परीक्षेला बसवलं बघ.

म्हणून आता तुला ही आमटी नीट सांगतो, डाळ शिजवताना एका वाटीला चार वाट्या पाणी घालायचं, शिजली की चाळणीखाली पातेलं ठेवायचं (ठेवायचंच!) आणि येळवणी त्यात धरायची. सुकं खोबरं गॅसवर डायरेक्ट भाजायचं, थोडं काळं पडलं तरी चालतं, एक कांदा तसाच आचेवर भाजायचा, चमचाभर तीळ, सात-आठ लसणाच्या पाकळ्या, आलं, मूठभर कोथिंबीर, सगळं बारीक वाटायचं. फोडणीत जरा सढळ तेल, मोहरी, जिरं, कढीपत्ता, मग वाटण, ते कडेनं तेल सोडेपर्यंत हलवत राहायचं, घाई करायची नाही. मग आपली कांदा-लसूण चटणी दोन चमचे. तिकडची लाल पूड घालू नको, रंग येतो, चव येत नाही. मग येळवणी ओतायची आणि दाटपणासाठी तयार पुरणातला लिंबाएवढा गोळा कालवायचा. चिंच शेवटी, बोराएवढी. चांगली दहा-पंधरा मिनिटं उकळू दे, वर लाल तवंग आला की झाली. शिळी तर अजून भारी, दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी कुस्करून खा.

पुरणाचं सोपं आहे, एक वाटी डाळीला एक वाटी गूळ, आपला कोल्हापुरी, आणि तो डाळ शिजून निथळल्यावरच घालायचा. सुरुवातीला पातळ होतंय म्हणून घाबरू नको, गूळ विरघळला की होतंच, मग आटवत राहायचं. उलथनं मधोमध उभं राहिलं पाहिजे, पडलं तर अजून पाच मिनिटं. गरम गरमच पुरणयंत्रातनं काढायचं, गार झालं की हात दुखतो आणि मग तू मिक्सरला लावशील, त्यानं चिकट होतं. वेलदोडा, जायफळ, थोडी सुंठ. पोळी लाटता येत नसेल तर नागपंचमीला करतो तशी दिंडं कर, चौकोनी घडी घालायची आणि उकडायची, फाटायची भीतीच नाही, वर तूप.

रोजच्याला डाळकांदा कर. भिजवलेली डाळ, चौपट कांदा, लसूण, तिखट, पाण्याचा हबका आणि वर झाकण, बाकी काय लागत नाही. वाटली डाळ मात्र तू करू नकोस अजून, ती विसर्जनाला आईच करते आणि कढईत ती मोकळी करायला अर्धा तास परतत बसायला लागतं. कैरीची डाळ चालेल, त्यात शिजवायची भानगडच नाही, चार तास भिजवून जाडसर वाटायची, कैरी किसून घालायची आणि वरनं फोडणी गार करून. इथं आंबट घातलं तरी डाळ काय रुसत नाही.

आणि तिकडं डाळ विकत घेतलीस तर बघून घे. पिवळ्या वाटाण्याची डाळ मिसळतात, ती गुळगुळीत आणि अगदी अर्धगोल असते, हरभऱ्याच्या दाण्याला एका बाजूला बारीकशी चोच असते. बेसनातही वाटाणा खपतो, ते तर डोळ्यांनी कळतच नाही, म्हणून डाळ घेऊन दळून आणायची. तुझ्या जिमवाल्याला सांग, 100 ग्रॅम कोरड्या डाळीत 20 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, त्या पावडरच्या डब्याला एवढे पैसे कशाला घालतीस.

आता हे सगळं लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण डाळ कुठल्या वर्षीची होती ते लिवलासा काय? मी म्हणालो त्याचं काय इथं. ती नुसती बघत बसली.

तर ती डाळ मागच्या वर्षीची होती. नवा हरभरा फेब्रुवारी-मार्चला निघतो, नवी डाळ बाजारात आली तेव्हा मी घेतली पण, पण जुनी संपवायची म्हणून तुझ्या पिशवीत तीच घातली. जुनी डाळ, त्यातनं पावसाळा काढलेली, शिजायला ताठच असते, तिला भिजवायलाच लागतं, तासभर तरी, तीन-चार तास असले तर अजून बरं. माझी पण भिजवली म्हणून शिजली. शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं दोन किलो नवीन पाठवतो, सोबत चटणीची बरणी आणि गुळाची ढेप आहे, ड्रायव्हरचा नंबर टाकतो, सकाळी लवकर उठून घे.

पप्पा