डायलिसिसचा खर्च मशीनपाशी थांबत नाही

माननीय आरोग्यमंत्री,

सप्रेम नमस्कार.

आज डायलिसिसचा दिवस नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. डायलिसिस करून आलो की पेन धरायचंही त्राण उरत नाही.

धडधाकट माणसाच्या किडन्या आठवड्याचे 168 तास काम करतात. आमचं तेच काम मशीन तीन दिवसांत, चार-चार तासांत उरकतं. दोन-तीन लिटर पाणी एकदम निघालं की रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात. मधल्या दिवसांत घसा कोरडा पडला तरी पाणी घोटाघोटाने मोजून प्यायचं.

चार तास हे मशीनचे. जाणं-येणं, नंबर लागेपर्यंतची वाट, सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत हात दाबून बसणं, मग घरी अंथरूण धरणं, यात अख्खा दिवस जातो. आठवड्यातले तीन दिवस न येणाऱ्या माणसाला कामावर कोण ठेवणार? मी हिशेबनीस होतो. पहिल्याच वर्षी नोकरी गेली. सोबत येणाऱ्या पत्नीचीही मजुरी बुडते.

म्हणूनच 'मोफत डायलिसिस' असं वाचलं की मला विचारावंसं वाटतं, यात काय काय धरलंय? रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन, लोह, रक्तातला फॉस्फरस कमी ठेवणाऱ्या गोळ्या, दर महिन्याच्या तपासण्या, गाडीभाडं? हे सगळं आम्हीच भरायचं असेल, तर शेवटी काटछाट डायलिसिसमध्येच होते. तीनचे दोन होतात. माझ्या शेजारच्या खाटेवरचे काका भाड्याचे पैसे नसले की एखादी पाळी चुकवायचे. छातीत पाणी भरून दोनदा अतिदक्षता विभागात गेले. तिसऱ्यांदा परत आले नाहीत. वाचवलेल्या भाड्याच्या कितीतरी पट खर्च त्या दोन खेपांत झाला.

अमेरिकेने 1972 मध्ये कायदा करून किडनी निकामी झालेल्या बहुतेकांना, वय न बघता, सरकारी विम्यात घेतलं. आमची मागणी त्याहून साधी आहे. इंजेक्शन, औषधं आणि प्रवास हे उपचारातच धरा. डायलिसिसच्या सुया टोचायला हातातली धमनी आणि शीर जोडून करतात तो फिस्टुला वेळेवर करून द्या. तो तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि तोवर मानेत बसवलेल्या नळीतून (कॅथेटरमधून) जंतुसंसर्ग व्हायची भीती असते. ज्यांना झेपेल त्यांना पोटात द्रव सोडून घरीच करायचं पोटाचं डायलिसिस मिळू द्या, त्या द्रवाच्या पिशव्या घरपोच द्या.

आणि जे मला सगळ्यात निकडीचं वाटतं ते हे: संध्याकाळची आणि रात्रीची पाळी सुरू करा. त्यासाठी तंत्रज्ञ आणि परिचारिका वाढवाव्या लागतील, डॉक्टर हजर लागेल, हे मला कळतं. पण मशीन तीच राहतील, आणि रात्री डायलिसिस करून माणूस दिवसा कामावर जाऊ शकेल. थकवा राहील, पण पगारही येईल.

रात्रीची पाळी मिळाली तर मी लगेच नोकरी शोधायला लागेन. हिशेबाचं काम मला अजून येतं.

आपला,
डायलिसिसवरचा एक रुग्ण