गेल्स क्रीकच्या काठाला सावली हवी आहे : एक आवाहन

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड, बीव्हर्टन, हिल्सबरो आणि आसपासच्या सर्व मराठी कुटुंबांना आमच्या नदीगटाचं हे पत्र. मागणं आधीच सांगतो. या हिवाळ्यात गेल्स क्रीक या ओढ्याच्या काठावर झाडं लावायला माणसं हवी आहेत आणि ती झाडं पुढची तीन वर्षं जगवायला पैसे हवे आहेत. दोन्हींत पैशाचं काम जास्त अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रायगडकडच्या मंडळींना वलगण समजावून सांगायला नको. पहिला दणदणीत पाऊस झाला, ओढे तांबडे होऊन धावू लागले की अंड्यांनी भरलेले मासे उलट्या धारेने चढत थेट भातखाचरांत येतात. इथले सॅमन आणि स्टीलहेड हे मासेही असेच चढतात. त्यांची चढण समुद्रापासून सुरू होते आणि ज्या ओढ्यात आपण जन्मलो त्याच ओढ्यापाशी संपते. बाळंतपणाला माहेरी यावं तशी मादी येते, शेपटीने रेवेत खळगा करते आणि त्यात अंडी घालते. चिनूक सॅमनची मादी चार-पाच हजार अंडी घालते आणि काही दिवसांत मरते. तिच्या देहातून समुद्राचं खत डोंगरातल्या झाडांना मिळतं. स्टीलहेड मात्र अंडी घालून परत समुद्रात जाऊ शकतो. तो मुळात रेनबो ट्राउटच, समुद्रावर जाऊन आलेला. (रावसाला हॉटेलात ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, त्याचा या माशांशी काही संबंध नाही. दोघांचं कूळच वेगळं.)

आपल्या विलॅमेट नदीत या माशांचं जे झालं ते समजून घ्यायचं तर ओरेगन सिटीचा धबधबा बघावा. नदी तिथे सुमारे १२ मीटर खाली उडी घेते. हिवाळ्यात आणि वसंतात नदी फुगते, खालचं पाणी वर येतं, तेव्हा दमदार मासा तो कातळ ओलांडून जाऊ शकतो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ती वाट बंद होते. त्यामुळे धबधब्याच्या वर सॅमनच्या कुळातले, समुद्रावरून येणारे मूळचे मासे दोनच : वसंतात येणारा चिनूक आणि हिवाळ्यात येणारा स्टीलहेड. या कुळातले बाकीचे जे मासे आज समुद्रावरून वर येतात, ते माणसाने माशांना चढायला पायऱ्यांची शिडी बांधल्यावर किंवा आणून सोडल्यावर आले. हजारो वर्षं नदीच्या पुराशी वेळ जुळवत आलेल्या या दोन्ही माशांची नोंद १९९९ मध्ये केंद्र सरकारने संकटग्रस्त म्हणून केली.

मधल्या काळात या खोऱ्यात लष्कराच्या अभियंता दलाने १३ धरणं बांधली. १९४०च्या दशकात सुरू झालेलं हे काम १९६०च्या दशकाअखेर पुरं झालं. पुराला आवर घालणं हा मुख्य हेतू होता आणि तो आम्ही कमी लेखत नाही. ही सगळी धरणं असतानाही १९९६च्या फेब्रुवारीत पोर्टलंडच्या लोकांना नदीकाठच्या भिंतीवर फळ्या आणि वाळूची पोती रचावी लागली होती. धरणं नसती तर काय झालं असतं, याचा विचार आपणही करावा. पण ज्या सँटियम, मॅकेंझी आणि मिडल फोर्क नद्यांवर यांतली मोठी धरणं उभी राहिली, त्याच नद्यांच्या वरच्या थंड पाण्यात चिनूक अंडी घालत होता. आपल्या भाषेत या माशांसाठी नेमका शब्द आहे : धरणग्रस्त. कोयनेची किंवा उजनीची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

नॉर्थ सँटियमवरचं डेट्रॉइट धरण १४१ मीटर उंच आहे. त्याला माशांची शिडी नाही. मोठे मासे धरणाच्या खालच्या बाजूला पकडून, टाकीच्या ट्रकमध्ये घालून वर नेऊन सोडतात. हे ऐकून अनेकांना वाटतं की प्रश्न सुटला. तो तिथे सुटत नाही. वर सोडलेल्या माशांनी घातलेल्या अंड्यांतून बाहेर पडलेली बोटभर पिल्लं जलाशयातून खाली कशी येणार? ती पाण्याच्या वरच्या थरात पोहतात, आणि धरणाची दारं असतात खूप खाली. तेवढं खोल बुडी मारून, दाबाचा फरक सोसून, टर्बाइनच्या पात्यांतून जी जातात त्यांतली पुष्कळशी मरतात. फॉल क्रीक धरणाचा जलाशय २०११ पासून दर वर्षी जवळपास जुन्या नदीपात्राइतका खाली उतरवतात. मग पिल्लं प्रवाहाबरोबर सहज निघून जातात आणि त्यांना खाणारे, बाहेरून आणलेले मासेही जलाशयात कमी होतात. हा उपाय साधा आहे आणि तो लागू पडला. २०२१ मध्ये न्यायालयाने आदेश दिल्यावर तो इतर धरणांवरही सुरू झाला. ग्रीन पीटर धरण २०२३च्या शरदात असं उतरवलं तेव्हा वर्षानुवर्षं साचलेला गाळ खाली आला आणि स्वीट होम, लेबनन या गावांना पिण्याचं पाणी गाळणं जड गेलं. त्या गावकऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे. तरीही मासे वाचवायचे तर पाणी खाली उतरवण्याची ही वाट सोडता येणार नाही, असं आमचं मत आहे. गाळाची झळ एकट्या त्या गावांनी सोसू नये, एवढी काळजी मात्र घ्यायला हवी.

मोठ्या धरणांचे निर्णय न्यायालयात आणि अभियंत्यांच्या टेबलावर होतात. तिथे आपण पत्र लिहू शकतो, जनसुनावणीला जाऊ शकतो, आणि ते करावंच. पण आपल्या घराजवळ असं काम आहे जे आपल्याच हातांनी होण्यासारखं आहे.

हिल्सबरो आणि बीव्हर्टनच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग ट्वालटिन नदीच्या खोऱ्यातला. ज्या हॅग लेकवर आपण दर उन्हाळ्यात डबे घेऊन जातो, तो १९७५ साली पूर्ण झालेल्या स्कॉगिन्स धरणाचा जलाशय. त्या धरणातून माशांना वर जायला वाट नाही. त्यामुळे स्कॉगिन्स ओढ्याचा वरचा भाग स्टीलहेडला बंद झाला. शेजारचा गेल्स क्रीक मात्र कोस्ट रेंजच्या डोंगरांतून उतरून फॉरेस्ट ग्रोव्हजवळ ट्वालटिनला मिळतो, आणि त्यात आजही हिवाळी स्टीलहेड समुद्रातून येऊन अंडी घालतो. विलॅमेटचा धबधबा चढून, ट्वालटिनच्या संथ पाण्यातून, आपल्या घरांमागून तो तिथे पोचतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांना इथे दहा-दहा वर्षं राहूनही हे माहीत नव्हतं.

स्टीलहेडचं पिल्लू जन्मल्याबरोबर समुद्राकडे जात नाही. बहुधा दोन वर्षं ते ओढ्यातच वाढतं. म्हणजे दोन उन्हाळे त्याला त्याच पाण्यात काढावे लागतात. पाणी १८ अंशांच्या वर गेलं की त्याची वाढ खुंटते, रोग जडतात, आणि थंड पाण्याचा एखादा डोह सापडला तरच ते तगतं. २८ जून २०२१ आठवा : पोर्टलंडमध्ये पारा जवळपास ४७ अंशांवर गेला होता आणि आपण सगळे पडदे ओढून पंख्यासमोर बसलो होतो. काठावर झाड नसलेल्या ओढ्यात त्या दिवशी पिल्लांना कुठे जाता येणार होतं?

झाडाच्या सावलीने पाणी थंड राहतं, हे आता इथल्या सरकारी हिशेबातही बसलं आहे. याच खोऱ्यात सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संस्थेने, प्रक्रिया केलेलं पाणी यंत्रांनी गार करण्याऐवजी काठावर झाडं लावून नदीला सावली द्यायची, हा मार्ग २००४ पासून धरला. त्यातून अनेक ओढ्यांचे काठ हिरवे झाले. पण खासगी शेतांतून जाणारे लांबच लांब पट्टे अजून उघडे आहेत. तिथे हिमालयन ब्लॅकबेरीचं रान माजलं आहे. ऑगस्टमध्ये आपली मुलं ती फळं तोडून खातात, पण ती वेल इथली नाही, आणि तिच्याखाली दुसरं रोप उगवत नाही.

आता आमच्या चुकीबद्दल. दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या गटाने याच ओढ्याच्या एका वळणावर रोपं लावली. उत्साह होता, मुलं होती, फोटो निघाले. पुढच्या उन्हाळ्यात मात्र कोणी फिरकलं नाही. ऑगस्टमध्ये आम्ही गेलो तेव्हा गवत छातीइतकं वाढलं होतं आणि निम्म्याहून जास्त रोपं त्यात गुदमरून मेली होती. काहींच्या साली बीव्हर या झाडं कुरतडणाऱ्या प्राण्याने सोलून नेल्या होत्या. ज्या शेतकऱ्याने विश्वासाने जागा दिली होती, त्याच्यासमोर उभं राहणं आम्हाला जड गेलं. शेती केलेल्या कोणालाही माहीत असतं की लावणी एका दिवसाची आणि खुरपणी सगळ्या हंगामाची. आम्ही ते विसरलो. या शेतकऱ्याने पुन्हा जागा दिली आहे, आणि या वेळी काम अर्धवट सोडायचं नाही असं ठरलं आहे.

म्हणून पैसे मागतो आहोत ते मुख्यतः जगवण्यासाठी : तीन उन्हाळे गवत आणि ब्लॅकबेरी कापायला, बुंध्याशी आच्छादन घालायला, बीव्हर आणि हरणांपासून वाचवायला जाळी बांधायला, मेलेल्या रोपांच्या जागी नांगे भरायला. अनुदानं लावणीला तुलनेने लवकर मिळतात. या मागच्या कामाला मिळवताना फार पायपीट होते, असा आमचा अनुभव आहे. प्रत्येक कुटुंबाने निदान २५ डॉलर द्यावेत अशी विनंती आहे. जमेल त्यांनी हीच रक्कम तीन वर्षं दर वर्षी द्यावी. एकदाच मोठी रक्कम मिळण्यापेक्षा ते आम्हाला जास्त उपयोगी पडेल, कारण तिसऱ्या उन्हाळ्याला उत्साह संपलेला असतो आणि गवत तेवढंच असतं. ज्यांची कंपनी कर्मचाऱ्यांच्या देणगीत तेवढीच भर घालते, त्यांनी तो अर्ज जरूर भरावा. रकमेची पावती मिळेल आणि वर्षाचा हिशेब दिवाळीच्या कार्यक्रमात सर्वांसमोर ठेवला जाईल.

लावणी जानेवारी आणि फेब्रुवारीतल्या शनिवारी सकाळी नऊपासून आहे. झाडं झोपलेली असतात तेव्हाच हे काम होतं. वाळुंजाच्या जातीची इथली विलो आणि रेड ओसियर डॉगवुड यांच्या फांद्या नुसत्या ओल्या मातीत खोचायच्या. गावाकडे शेवग्याची फांदी लावतात तसंच. पहारेने भोक पाडायचं, फांदीचा दोन तृतीयांश भाग जमिनीत जाऊ द्यायचा आणि माती पायाने घट्ट दाबायची. फांदीवरचे डोळे वर तोंड करून आहेत ना, ते बघायला मुलांना सांगायचं. वेस्टर्न रेड सीडारची रोपं काठापासून थोडी वर लावायची आहेत. आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांनाही आणा. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी जाळ्या कापण्याचं आणि नोंदी ठेवण्याचं काम आहे.

काठावर चिखल असतो, म्हणून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि जाड हातमोजे लागतील. पाण्यात उतरायचं नाही. मार्चपासून स्टीलहेड रेवेत अंडी घालू लागतो आणि पाय पडला तर अंडी चिरडतात, म्हणून आपलं काम त्याआधी आटोपायचं आहे. पहारी, फावडी, पाऊस आला तर ताडपत्री आणि चहा आमच्याकडून. नावं मंडळाच्या नेहमीच्या व्हॉट्सॲप गटावर द्यावीत, आणि उन्हाळ्यातल्या खुरपणीच्या एका शनिवारासाठीही तेव्हाच नाव लावावं.

आपले,
नदीगटातले सर्वजण